उघड्या मुखासमोरचा माणूस



पर्युषण पर्वाची आराधना पूर्ण झाली, संवत्सरीचे प्रतिक्रमण झाले आणि प्रतिवर्षीप्रमाणे क्षमापनेचे दूरध्वनी व संदेश यांची देवाणघेवाणही झाली. त्यांतील बरीचशी क्षमायाचना आपण रिवाज म्हणून करतो, हे मनोमन आपणा सर्वांस ठाऊक आहे. कोणत्या अपराधाची क्षमा मागता, असे कोणी विचारले तर बहुधा उत्तर सापडत नाही. या वर्षी मात्र माझ्यापाशी नेमके कारण होते, आणि ती क्षमा मागण्यासाठी मी आमच्या दंतवैद्यांच्या दवाखान्यात गेलो. त्या निमित्ताने जे वाचन घडले व जे समजले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

जुलै महिन्यात माझ्या खालच्या दाढेत ठणका सुरू झाला. दोन रात्री लवंग आणि वेदनाशामक गोळ्या यांवर काढल्या. तिसऱ्या दिवशी दवाखाना गाठला. दारातच तापमान पाहण्यात आले आणि एक छापील पत्रक हाती देण्यात आले. गेल्या चौदा दिवसांत आपणास ताप, खोकला, चव वा वास जाणे असा त्रास झाला आहे काय? घरात कोणास ताप आहे काय? आदल्या रात्रीपासून चिरंजीवास कणकण होती. पावसात भिजल्यामुळे असेल, अशी मी मनाची समजूत घातली. शिवाय 'होय' लिहिले तर उपचार लांबणीवर पडतील, ही भीती होतीच. मी दोन्ही रकान्यांत 'नाही' लिहिले आणि खाली सही केली.

बँकेत तीन दशकांहून अधिक काळ मी कर्जाचे अर्ज तपासले. अर्जदाराने दुसरीकडचे देणे दडविले असे आढळले, तर रक्कम कितीही लहान असो, मी तो अर्ज पुढे जाऊ देत नसे. ज्याने अनेकांना त्यासाठी चार शब्द सुनावले, त्यानेच हे घोषणापत्र भरले होते. एवढ्यावर न थांबता, देयकात संरक्षक साहित्याची वेगळी रक्कम दिसली तेव्हा तीबद्दलही मी कुरकुर केली.

दोन दिवसांनी चिरंजीवांचा अहवाल पॉझिटिव्ह आला, पाठोपाठ माझाही. मला ना ताप होता, ना खोकला. दाढ सोडली तर प्रकृती ठणठणीत होती. दवाखान्यास कळविण्यातही संकोचापायी मी एक रात्र दवडली. सकाळी दूरध्वनी केला तेव्हा डॉक्टरसाहेब रागावले नाहीत. "सांगितलेत ते बरे केलेत," एवढेच म्हणाले. दवाखाना काही दिवस बंद राहिला, तेथील चौघांच्या चाचण्या झाल्या. माझ्या तोंडात लाळ ओढून घेणारी नळी ज्या साहाय्यिकेने धरली होती, तिच्या घरी आठ महिन्यांचे बाळ आहे. अहवाल येईपर्यंत त्या बाळाला आजीपाशी ठेवून ही माउली वेगळ्या खोलीत राहिली. सुदैवाने चौघांचेही अहवाल निगेटिव्ह आले.

विलगीकरणाच्या दिवसांत मला एकच प्रश्न छळत होता. मला लक्षणे नव्हती, मी शिंकलो नाही, खोकलो नाही. मग माझ्यापासून त्यांना खरोखरच किती धोका होता? वाणिज्य शाखेच्या माणसाने वैद्यकशास्त्रात डोकावताना भान ठेवावे लागते. तरीही डॉक्टरसाहेबांनी सुचविलेले वाचन केल्यावर जे हाती लागले, ते साध्या शब्दांत सांगण्याचा प्रयत्न करतो.

लाळ म्हणजे तोंडातले पाणी, एवढीच माझी समजूत होती. वास्तविक लाळ तयार करणारी एक मोठी यंत्रणा आपल्या मुखात अखंड काम करीत असते. लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या आहेत. एक कानांच्या पुढे, म्हणजे गालगुंड झाल्यावर जी सुजते ती. दुसरी जबड्याखाली आणि तिसरी जिभेखाली. याखेरीज ओठ, गाल व टाळू यांच्या अस्तरात ६०० ते १,००० सूक्ष्म ग्रंथी विखुरलेल्या असतात. या सर्व मिळून दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. अन्न भिजविणे, पचनास प्रारंभ करणे, दातांचे रक्षण करणे आणि जिभेला चव कळू देणे ही तिची कामे.

करोनाचा विषाणू लाळेत सापडतो, हे साथीच्या आरंभीच ध्यानात आले होते. २०२० च्या प्रारंभी हाँगकाँग येथील संशोधकांनी १२ रुग्णांची लाळ तपासली, तेव्हा ११ जणांच्या लाळेत विषाणू आढळला. प्रश्न होता तो आला कोठून? फुप्फुसांतून कफाबरोबर वर आला, नाकातून खाली उतरला, की मुखातच निर्माण झाला? पहिल्या दोन शक्यता खऱ्या असतील तर लाळ ही केवळ वाहक ठरते. तिसरी खरी असेल, तर तोंड हेही विषाणूच्या निर्मितीचे एक ठिकाण ठरते.

या तिसऱ्या शक्यतेची सूचना पूर्वीच मिळाली होती. २००३ साली ज्या सार्स रोगाने जगाला धास्ती दिली, त्याच्या विषाणूचा अभ्यास माकडांवर झाला होता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, लाळग्रंथींच्या नलिकांच्या अस्तरातील पेशी या अगदी आरंभी बाधित होणाऱ्या पेशींपैकी होत्या. करोनाचा विषाणू त्याच कुळातील आहे. पेशीच्या पृष्ठभागावर एसीई-२ नावाचे प्रथिन असते; विषाणूवरील काट्यांसारखे प्रथिन त्यात कुलपात किल्ली बसावी तसे बसते. टीएमपीआरएसएस-२ नावाचे दुसरे प्रथिन त्या काट्याचा छेद करते आणि विषाणूला आत शिरण्याची वाट मोकळी होते. ही कुलपे जेथे असतील, तेथे विषाणूला प्रवेश मिळू शकतो.

मार्च २०२१ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ व त्यांचे सहकारी यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. ही दोन्ही प्रथिने लाळग्रंथींच्या आणि मुखाच्या अस्तराच्या काही पेशींत असल्याचे त्यांना आढळले. करोनाने मृत्यू पावलेल्यांच्या तपासलेल्या लाळग्रंथींपैकी निम्म्याहून थोड्या अधिक ग्रंथींत विषाणूचे अंश मिळाले. काही पेशींत तर विषाणूच्या नव्या प्रती तयार होत असल्याच्या खुणा होत्या. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठाच्या संशोधकांनीही मृत रुग्णांच्या ग्रंथी तपासून, लाळग्रंथी हे या विषाणूचे लक्ष्य असल्याचा निष्कर्ष काढला.

मला सर्वांत अस्वस्थ केले ते अमेरिकेतील अभ्यासाच्या एका भागाने. कोणतीही लक्षणे नसलेल्या ८ बाधितांची लाळ प्रयोगशाळेत वाढविलेल्या निरोगी पेशींच्या संपर्कात आणली गेली. त्यांपैकी दोघांच्या लाळेमुळे त्या पेशी बाधित झाल्या. आठांतील दोन ही संख्या लहान आहे आणि तीवरून टक्केवारी काढणे योग्य नव्हे. परंतु लक्षणे नसलेल्या माणसाच्या लाळेत जिवंत, संसर्गक्षम विषाणू असू शकतो, एवढे सिद्ध होण्यास ती पुरेशी आहे. पत्रकावर 'नाही' लिहून खुर्चीत बसलेला मी, नेमका असाच रुग्ण होतो.

लाळेच्या या गुणाचा उपयोग निदानासाठीही झाला, हे येथे नमूद केले पाहिजे. आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने मिठाच्या पाण्याची पंधरा सेकंद गुळणी करून नमुना देण्याची सोपी पद्धत विकसित केली आणि मे २०२१ मध्ये तिला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मान्यता मिळाली. नाकात कांडी घालण्याचा त्रास त्यात नाही.

आता दंतवैद्यांच्या खोलीत येऊ. आपण बाजारात, बँकेत, स्थानकात सर्वत्र मास्क लावून वावरू शकतो. दवाखान्यांतही बहुतेक तपासण्या मास्क न काढता होतात. दंतवैद्यांच्या खुर्चीवर मात्र रुग्णाला मुख उघडावेच लागते आणि ते बराच वेळ उघडे ठेवावे लागते. त्या उघड्या मुखापासून वीतभर अंतरावर डॉक्टर व साहाय्यक यांचे चेहरे असतात. दात कोरण्याचे एअरोटर नावाचे यंत्र मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेते; ते तापू नये म्हणून पाण्याचा फवारा सुरू असतो. दातांवरील कीटण काढणारे यंत्रही पाणी उडविते. त्या पाण्यात लाळ व क्वचित रक्त मिसळते आणि त्याचे सूक्ष्म तुषार हवेत पसरतात.

म्हणूनच मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विविध व्यवसायांतील संसर्गाच्या जोखमीचा आलेख प्रसिद्ध केला, तेव्हा दातांची स्वच्छता करणारे कर्मचारी व दंतवैद्य त्यात अगदी वरच्या टोकाला होते. १६ मार्च रोजी अमेरिकन डेंटल असोसिएशनने तातडीचे नसलेले उपचार थांबविण्याचे आवाहन केले. इंग्लंडमध्ये २५ मार्चपासून ८ जूनपर्यंत नित्याची दंतचिकित्सा बंद राहिली. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९ मे २०२० रोजी दंतवैद्यांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आणि केवळ तातडीच्या उपचारांना मुभा ठेवली.

हा धोका आकड्यांत कितपत उतरला? बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडच्या मध्य भागातील १,५०७ दंतसेवा कर्मचाऱ्यांच्या रक्ताची तपासणी केली. पहिल्या लाटेनंतर त्यांच्यातील १६.३ टक्के व्यक्तींत प्रतिपिंडे आढळली. त्या वेळी सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. त्याच दवाखान्यांत स्वागतकक्षात बसणाऱ्या, रुग्णाच्या मुखाजवळ न जाणाऱ्या कर्मचाऱ्यांत ते ६.३ टक्के, म्हणजे सर्वसाधारण लोकांइतकेच निघाले. एकाच छताखाली काम करणाऱ्या दोन गटांतील हा फरक बोलका आहे.

याउलट, जून २०२० मध्ये अमेरिकेतील २,१९५ दंतवैद्यांची पाहणी झाली, तेव्हा निश्चित अथवा संभाव्य बाधितांचे प्रमाण ०.९ टक्के आढळले. तोवर जवळजवळ सर्वांनी दवाखान्यातील दक्षता वाढविली होती. दातांची स्वच्छता करणाऱ्या ४,७७६ अमेरिकन कर्मचाऱ्यांत त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत हे प्रमाण ३.१ टक्के होते. एके ठिकाणी रक्ताची तपासणी आहे, दुसरीकडे स्वतः दिलेली माहिती. दोन वेगळ्या चलनांतील रकमांची थेट वजाबाकी करू नये, हे बँकेत शिकलो आहे. तेव्हा या आकड्यांची परस्परांशी तुलना मी करणार नाही. मात्र संरक्षण असेल तर हे काम करता येते, असा दिलासा त्यांतून मिळतो.

ओहायो राज्य विद्यापीठाच्या अभ्यासाने त्यास आणखी पुष्टी दिली. तेथे २८ रुग्णांवरील उपचारांच्या वेळी उडालेल्या तुषारांची तपासणी झाली. १९ रुग्णांच्या लाळेत विषाणू आढळला, तरी त्यांच्या उपचारांतील तुषारांत तो सापडला नाही. तुषारांतील सूक्ष्मजंतू मुख्यत्वे यंत्राच्या पाण्यातून आलेले होते. यंत्राच्या पाण्याने लाळ अतिशय पातळ होते आणि शक्तिशाली शोषणनळी ती ओढून घेते. माझ्या वेळी ती नळी धरणारा हात कोणाचा होता, हे आपणास आठवत असेलच.

तेव्हा चौघांचे अहवाल निगेटिव्ह आले याचे श्रेय मला नाही. मास्क, चेहऱ्यावरचे पारदर्शक आवरण, झगा, हातमोजे, शोषणनळी, उघडी खिडकी आणि वेळेवर घेतलेली लस यांनी ते काम केले. ज्या रकमेबद्दल मी कुरकुर केली, ती याच साहित्याची होती.

मग दंतवैद्यांकडे जाणेच टाळावे काय? मुळीच नाही. २०२१ मधील दुसऱ्या लाटेनंतर आपल्या महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने किती घरांना हादरा दिला, हे आपण पाहिले आहे. करोनातून बरे झालेल्या मधुमेही रुग्णाचे दात अचानक हलू लागणे, जबडा दुखणे ही त्याची सूचक लक्षणे आहेत. अशा वेळी एकेका दिवसाचा विलंब महागात पडतो. दंतवैद्य व त्यांचे साहाय्यक जोखीम पत्करून खुर्चीपाशी उभे राहतात म्हणून असे रुग्ण वेळीच ओळखले जातात.

येथे मला आपल्या सामायिकाची आठवण होते. मुहपत्ती बांधून आपण अठ्ठेचाळीस मिनिटे बसतो. साथीच्या काळात अनेकांनी अभिमानाने संदेश पाठविले की, आपल्या पूर्वजांनी मास्कचा शोध केव्हाच लावला होता. असे म्हणणे मला योग्य वाटत नाही. मुहपत्ती विषाणूसाठी नाही आणि ती एन-९५ मास्कचे काम करू शकत नाही. तिच्यामागील भाव मात्र विचार करण्याजोगा आहे. ती बांधणारा स्वतःला वाचवीत नसतो; आपल्या उष्ण श्वासाने वायुकायाच्या जीवांना पीडा होऊ नये, यासाठी ती असते. आपल्या मुखातून दुसऱ्याला इजा होऊ शकते, हे त्यात प्रथम मान्य केलेले असते.

पाच समितींमधील शेवटची समिती मल, मूत्र, थुंकी यांचे विसर्जनही जीवांना पीडा न होईल असे जपून करावयास सांगते. भाषा समिती बोलण्यातील सावधपण शिकविते. आणि श्रावकाच्या दुसऱ्या अणुव्रतात ज्या स्थूल असत्यांचा त्याग सांगितला आहे, त्यांत दुसऱ्याची ठेव नाकारणे हेही येते. बँकेत काम केल्यामुळे या शेवटच्या दोषापासून आपण दूर आहोत, असे मी समजत होतो. परंतु घरातील तापाची माहिती ही त्या साहाय्यिकेची माझ्याकडे असलेली ठेवच होती. तिने ती पत्रकाद्वारे मागितली आणि मी 'नाही' म्हणालो. दंतवैद्यांच्या खुर्चीवर आपल्याला मास्क बांधता येत नाही. तेथे खरे उत्तर हीच आपली मुहपत्ती आहे.

व्यवहारात करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. भेटीपूर्वी दूरध्वनी करून आपली व घरातील सर्वांची प्रकृती स्पष्ट सांगावी. ताप असेल आणि दुखणे तातडीचे नसेल, तर भेट पुढे ढकलावी. तातडीचे असेल तरी सत्य सांगावे, म्हणजे डॉक्टर त्यानुसार तयारी ठेवतात. शक्य तो एकट्याने जावे आणि खुर्चीवर बसेपर्यंत मास्क काढू नये. उपचारापूर्वी दिलेल्या औषधी पाण्याने सांगितल्याप्रमाणे चूळ भरावी. परतल्यावर दोन-चार दिवसांत काही लक्षण दिसले किंवा अहवाल पॉझिटिव्ह आला, तर त्याच तासाला कळवावे. आणि संरक्षक साहित्याची रक्कम देताना घासाघीस करू नये.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी मी त्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरसाहेबांसमोर हात जोडले, मग त्या साहाय्यिकेसमोरही. वयाने ती माझ्या मुलीहून लहान. ती गोंधळली आणि म्हणाली, "असू द्या काका, झालं ते झालं." मग थोडे थांबून म्हणाली, "पण त्या पाच दिवसांत बाळ पहिल्यांदा बसायला शिकलं. मी पाहिलं नाही." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र पुढे काही बोलता आले नाही.

दाढेवर कॅप बसविण्यासाठी पुढील आठवड्यात वेळ ठरली होती. आदल्या दिवशी नातवाला सर्दी झाली आणि अंग किंचित गरम लागले. घरातील मंडळी म्हणाली, "हवा बदलली आहे, एवढ्याशा कारणाने कशाला थांबता?" मी दवाखान्यात दूरध्वनी केला. पलीकडून त्याच साहाय्यिकेचा आवाज आला. तिला सारे सांगितले. तिने वहीत पाहिले आणि दहा दिवसांनंतरची तारीख दिली.

आपणा सर्वांस मन, वचन व कायेने मिच्छामि दुक्कडम्.